नोटिशीचा पगार म्हणजे भरपाई नव्हे

नोकरकपातीच्या बातम्या आल्या की व्हॉट्सॲपवर एक संदेश हटकून फिरू लागतो. कपातीची नोटीस हातात पडली की कंपनीशी संबंध संपला, एक महिन्याचा पगार दिला की कंपनी मोकळी, त्या महिन्यात पीएफ आणि रजा बंद, पाच वर्षे भरली नसतील तर ग्रॅच्युइटी विसरा, आणि नावाला डाग नको म्हणून स्वतःच राजीनामा दिलेला बरा, असा त्याचा आशय असतो. यातले ग्रॅच्युइटीचे विधान अर्धे खरे आहे. बाकीचे कायद्याने ‘कामगार’ ठरणाऱ्यांना लागू पडत नाही, आणि शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे.

आधी एका महिन्याच्या पगाराचे पाहू. 1947 च्या औद्योगिक विवाद अधिनियमात आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही दोन देणी वेगवेगळी सांगितली आहेत. वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कारणांसह किमान एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तिच्या बदल्यात पगार द्यावा लागतो. त्याखेरीज सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावे लागते, आणि वरचा काळ सहा महिन्यांहून अधिक असेल तर तोही वर्ष म्हणून धरला जातो. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 26,000 रुपये घेणाऱ्या, दुसरा भत्ता नसलेल्या आणि 7 वर्षे 8 महिने काम केलेल्या कामगाराची भरपाई 13,000 गुणिले 8, म्हणजे 1,04,000 रुपये होते. नोटिशीचे 26,000 आणि 1,20,000 रुपयांची ग्रॅच्युइटी त्याहून निराळी. ही भरपाई सवडीने देण्याची बाबही नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातील दोन वॉर्ड कर्मचाऱ्यांना ती न देताच काढले गेले, तेव्हा 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कपातच अवैध ठरवली.

नोटिशीचा काळ हा सेवेचाच काळ असतो. ‘उद्यापासून येऊ नका’ असे सांगून कंपनीने महिनाभर पटावर ठेवले, तरी पगार आणि त्यावरचा मालकाचा पीएफचा हिस्सा चालूच राहतो. नोटिशीऐवजी रोख पगार देऊन त्याच दिवशी मुक्त केले, तर मात्र सेवा तिथेच संपते. गटविम्याचे संरक्षणही बहुधा शेवटच्या दिवसाबरोबर जाते, म्हणून घरात शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण ठरले असेल तर ती तारीख लेखी विचारून घ्यावी. ‘फुल अँड फायनलला (म्हणजे शेवटच्या हिशेबाला) 45 दिवस लागतात’ हा कंपन्यांचा रिवाज आहे. वेतन संहितेनुसार कपातीनंतर थकीत वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायचे असते.

ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराला सर्वसाधारणपणे पाच वर्षे लागतात हे खरे, पण नोटिशीच्या महिन्यात तो टप्पा पूर्ण होत असेल तर तो महिना मोजला जातो. ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एक वर्षच पुरते.

आता राजीनाम्याबद्दल. बैठकीच्या खोलीत छापील राजीनामा पुढे सरकवून ‘यात तुमचाच फायदा आहे’ असे सांगितले जाते, तेव्हा फायदा कोणाचा ते हिशेबावरून कळते. स्वेच्छेने सोडलेली नोकरी कपात ठरत नाही. त्यामुळे वर मोजलेले 1,04,000 रुपये जातात, कपात झालेल्या कामगारांसाठीच्या पुनर्कौशल्य निधीतून मिळणारे पंधरा दिवसांचे वेतन जाते, आणि वर्षभरात पुन्हा भरती झाल्यास मिळणारा अग्रक्रमही जातो. सही करण्याआधी ‘ही कपात असल्यास तसे कारणांसह पत्र द्यावे’ एवढी एक ओळ ईमेलने पाठवावी. तोंडी गोड बोलणारे बरेचदा तिथेच अडखळतात.

व्यवस्थापकीय काम करणारे आणि 18,000 रुपयांहून अधिक वेतनाचे पर्यवेक्षक ‘कामगार’ या व्याख्येबाहेर राहतात. तिथे पाटीवरच्या हुद्द्यापेक्षा प्रत्यक्ष काम पाहिले जाते. त्यांची नोटीस आणि भरपाई करारावर ठरते, पण ग्रॅच्युइटी आणि थकीत वेतनाची दोन दिवसांची मुदत त्यांनाही लागू आहे.