अर्जाचा तेरावा

मुलीच्या प्रवेशासाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. आमचं उत्पन्न बेताचं आहे हे किराणावाल्यापासून सगळ्यांना ठाऊक, पण तहसीलदारांनी सही केल्याशिवाय कॉलेजवाले मानत नाहीत.

सेतूतल्या पोराने कागद स्कॅन करून पावती दिली. मुदत पंधरा दिवस. 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015' म्हणतो की मुदतीत सेवा मिळणं हा आपला हक्क. नाही मिळाली तर अपील, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड! दोन दिवस मी कॉलर ताठ करून हिंडलो. बायको म्हणाली, "आधी दाखला आणा, मग दंड करा."

तेराव्या दिवशी मेसेज आला: 'अर्जात त्रुटी.' अर्जाचा तेरावा मात्र अगदी वेळेवर घातला होता.

कार्यालयात भिंतभर नागरिकांची सनद रंगवलेली, आणि सनदेपुढे लोखंडी कपाट. सेवांची नावं कपाटाच्या बाहेर, 'लागणारा कालावधी' हा रकाना नेमका मागे. भिंतीला गाल लावून फटीतून पाहिलं, तर नुसता 'पं' दिसला. पंधरा, पंचवीस की पंचवार्षिक?

"भाऊसाहेब, त्रुटी काय आहे?"

"रेशन कार्डाचं शेवटचं पान जोडलं नाही."

"ते कोरं आहे हो."

"कोरं आहे हे आम्हाला कसं कळणार?"

मी शेवटचं अस्त्र काढलं. "पंधरा दिवस परवा संपतात."

"मुदत परिपूर्ण अर्जापासून मोजायची. कायद्यातच आहे." खरंच आहे. मी अख्खा कायदा वाचला होता, नेमकं तेवढंच सोडून.

2005च्या आणखी एका कायद्यानुसार कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. म्हणून तर इतकी टेबलं असतात. प्रत्येकाने आपले सात दिवस इमानाने पाळले, तरी फाइलची चारधाम यात्रा होते.

पुन्हा सेतू. पोराने कोरं पान स्कॅन केलं, स्क्रीन मोठी केली, लहान केली.

"काका, यात काहीच दिसत नाहीये."

"दिसायचं नाहीच. अपलोड कर."

नव्या पावतीवर आजची तारीख पडली. मी दारापर्यंत पोचलो, तेवढ्यात मागून हाक आली, "काका, पान उलटं तर नाही ना लागलं?"