बंदराचे नाव म्हणजे मासा सापडल्याची जागा नव्हे
एका लेखात दुर्मीळ माशाची 'नवी नोंद' मुंबईच्या ससून डॉक या मासेमारी बंदराच्या नावावर टाकली आहे. तिथला ट्रॉलर अनेक दिवस बाहेर राहून दूरवरची मासळी आणतो. नोंदीला जाळे ओढल्याची जागा लागते. तांडेलाकडून, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडून, जीपीएसचे आकडे आणि जाळे किती वाव खोलीवर ओढले ते लगेच विचारा. वर्गवारीसाठी मासळीचा ढीग ओतला की कुठला मासा जाळ्याच्या कुठल्या ओढीतला, हे कुणालाच सांगता येत नाही.

मासा ताजा असतानाच पट्टीसह डाव्या बाजूचा फोटो घ्या, रंग पुढे टिकत नाही. मग उजव्या बाजूचा मांसाचा छोटा तुकडा ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेवा. हे फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) आधीच, कारण त्याने डीएनए खराब होतो. पर टाचण्यांनी पसरून त्यांवर फॉर्मॅलिन लावा, नाहीतर ते मिटलेले घट्ट होतात आणि काटे मोजता येत नाहीत. मग मासा या द्रावणात ठेवा: १ भाग बाजारी फॉर्मॅलिन, ९ भाग पाणी, थोडा बोरॅक्स. मोठ्या माशाचे पोट उजवीकडून चिरा, नाहीतर आतून कुजतो. आठवड्याने धुऊन ७० टक्के इथेनॉलमध्ये. हातमोजे हवेतच.

आणि नमुना संग्रहालयात क्रमांकासह जमा करा. नुसत्या फोटोवर कल्ल्यांचे दंत (कल्ल्यांच्या कमानीवरचे आतले काटे) कोण मोजणार?