सर्टिफिकेट मिळालं. आता इतिवृत्त कोण वाचणार?

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जावं, राग नाही.

नणंदेची मुलगी एसवाय बीएला आहे. पणजीत दोन दिवसांचं 'युवा नागरी नेतृत्व' शिबिर होतं, आज समारोप होता. पेडण्याहून तिला न्यायला-आणायला कुणी नव्हतं म्हणून मी गेले. गोव्याबाहेरच्या एका मोठ्या विद्यापीठाची सार्वजनिक धोरण संस्था होती. नाव घेत नाही, कारण मुलांशी ती माणसं प्रेमानं वागली आणि जेवणही चांगलं होतं.

शेवटच्या सत्रात मुलांनी गटागटानं सादरीकरणं केली. एका गटाचा विषय होता गावातला कचरा. भिंतीवर मोठा कागद, त्यावर रंगीत गोल: सरकार, उद्योग, माध्यमं, एनजीओ, नागरिक. गोलांमधून बाण इकडून तिकडे. मी शोधतेय, शोधतेय, पंचायत कुठेच नाही. गावात दारोदारचा सुका कचरा कोण गोळा करतं? पंचायत. ती कागदावर नाही. प्रश्न विचारायची वेळ आली तेव्हा मी मागून विचारलंच, यात पंचायत कुठे बसते? सूत्रसंचालक बाई गोड हसल्या, "ग्रेट पॉइंट!" म्हणाल्या आणि एका पिवळ्या चिठ्ठीवर 'पंचायत' लिहून ती कोपऱ्यात चिकटवली. मग सर्टिफिकेटं, मग ग्रुप फोटो.

ती पिवळी चिठ्ठी बघितल्यापासून मला आमच्या वाड्यावरची काकी आठवतेय.

काकी मराठी चौथी शिकलेली. १९६३ साली भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या, त्यातल्याच एका शाळेत. घरात तिच्या आधी कुठली बाई शाळेत गेलेली नव्हती. तर दोनेक वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेत तिनं ठराव मांडला होता, मळ्याकडेचा ओहळ माती टाकून बुजवतायत तो थांबवा म्हणून. मोपा विमानतळ आल्यापासून आमच्या पेडणे तालुक्यात जमिनीचं काय चाललंय ते तुम्हाला सांगायला नको. ठरावाला अनुमोदन मिळालं, हात वर झाले. पुढच्या सभेत सचिव नेहमीप्रमाणे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचत होते. वाचत म्हणजे काय, घाईत स्तोत्र म्हणतात तसं. 'कायम करण्यात येत आहे' इथवर आले आणि काकी उभी राहिली.

"माजो ठराव खंय गेलो?"

इतिवृत्तात नव्हताच तो! सभेतले काही जण हसले. एक पंच म्हणाला, बस गे काकी, घालूया नंतर. काकी बसली नाही. तिनं पिशवीतून नातवाची शाळेची वही काढली. सभेची तारीख, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं लिहून ठेवलेलं. सचिवांना तिथल्या तिथे ते नोंदवून घ्यावं लागलं.

आता सांगा, नागरी नेतृत्व म्हणजे आणखी काय असतं? दोन दिवसांच्या त्या शिबिरात इतिवृत्त हा शब्द एकदा तरी निघाला का, असं मी मुलीला गाडीत विचारलं. नाही म्हणाली. मग काय झालं? आत्मविश्वासानं बोलावं कसं, एका मिनिटात आपली कल्पना मांडावी कशी, संघभावना, देहबोली. बोलायचं कसं ते सगळं. पण कुणापुढे बोलायचं आणि ते बोलणं कुठल्या रजिस्टरात उतरतं, याबद्दल अवाक्षर नाही.

मान्य, सगळ्या संस्था अशा नसतात. आपल्या गोवा विद्यापीठात मनोहर पर्रीकरांच्या नावाचं कायदा, शासन आणि सार्वजनिक धोरण शिकवणारं स्कूल आहे, पंचांना प्रशिक्षण देणारी गिपार्ड ही सरकारी संस्था आहे. झालं, बोलले. पण गोव्यात १९१ पंचायती आहेत, आणि विद्यापीठाचं ताळगावचं पठार उतरून रविवारी सकाळी ग्रामसभेत मागच्या खुर्चीवर येऊन बसलेला धोरणाचा प्राध्यापक आमच्या गावानं तरी अजून पाहिलेला नाही. तुमच्या गावात आला असेल तर फोटो टाका, मी जाहीर सत्कार करीन.

आणि कृपा करून 'लोकांना कळत नाही हो' हे मला ऐकवू नका. २००६-०७ विसरलात? गोव्यातली कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या, २०११ सालापर्यंतच्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा बचाव अभियान ही लोकचळवळ उभी राहिली, सरकारला तो आराखडा रद्द करावा लागला. नंतर २०२१पर्यंतचा आराखडा आला तेव्हा गावागावांत नकाशे पसरले गेले. देवळाच्या मंडपात, चर्चच्या हॉलमध्ये. ज्यांनी जन्मात जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यापलीकडे कागद बघितला नव्हता ती माणसं सर्व्हे नंबरावर बोट ठेवून सांगत होती, ही आमची खाडीकाठची खाजन शेती, हा डोंगर, हे तुम्ही सेटलमेंट, म्हणजे वस्तीचा झोन, कसं दाखवलंत? त्यांना कुठल्या विद्यापीठानं शिकवलं होतं? वकील, वास्तुविशारद, शाळामास्तर रात्री येऊन बसायचे, झालं शिक्षण. त्या आराखड्याचं पुढे काय केलं गेलं तो वेगळा विषय, तो काढला तर उद्या सकाळपर्यंत लिहीत बसेन.

(आणि इथे कुणी ओपिनियन पोल काढू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरचा तो कौल १९६७ला झाला, मोजणी झाली, निकाल लागला. काही मंडळींना कुठल्याही पोस्टखाली तोच आठवतो.)

आज परिस्थिती काय आहे? गोव्याच्या नगर नियोजन कायद्याचं ३९अ कलम आहे. जमिनीचा झोन बदलायचा प्रस्ताव आला की नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या नोटिशीत सर्व्हे नंबर असतो, चौरस मीटर असतात, कुठल्या झोनमधून कुठल्या झोनमध्ये ते असतं. ती नोटीस वाचून, आपल्या गावाच्या नकाशावर ती जागा शोधून, मुदतीत हरकत लिहून पोच घेणं, हे एकोणीस वर्षांच्या मुलीला एका दुपारी शिकवता येतं. माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज? तोही. देशाचा कायदा २००५चा, आपल्या गोव्याचा स्वतःचा त्याआधीचा, १९९७चा. आपल्या मुलांना हे ठाऊक आहे? त्यांना स्टेकहोल्डर मॅपिंग येतं, म्हणजे ते रंगीत गोल आणि बाण.

असो. चिडून काय उपयोग.

खरं तर मुलांचा काही दोष नाही. परतताना म्हापसा ओलांडल्यावर मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामी, ग्रामसभेला माझ्यासारखी कोणी जाऊ शकते? की पंचांनी बोलवावं लागतं?"

मी गाडी बाजूलाच घेतली. अगं, तुझं गावच्या मतदार यादीत नाव आहे ना? मग तू ग्रामसभेची सदस्य आहेसच. अठरा पूर्ण झाली, नाव चढलं, त्या दिवसापासून. कुणी बोलवायचा प्रश्नच नाही. तिला हे माहीत नव्हतं. शाळेत नागरिकशास्त्र, कॉलेजात राज्यशास्त्राचा पेपर, आता नेतृत्वाचं सर्टिफिकेट, आणि ७३वी घटनादुरुस्ती १९९२ची हे तिला पाठ आहे! त्या दुरुस्तीनं तिला काय दिलं ते कुणी सांगितलं नाही. काकीला ते कुणी सांगितलं होतं? बहुतेक कुणीच नाही, ती नुसती जायला लागली.

आणि आपण तरी कुठे सांगतो? आपल्या ग्रुपमधले किती जण जातात? रविवारी मासळी आणायची असते, कुणाचं बारसं असतं, कुठे नाटकाची तालीम असते. सभेत पन्नाशीच्या खालचं माणूस दिसलं की सचिवसुद्धा चमकून बघतात, हा कुणा बिल्डराचा माणूस की काय म्हणून. तिथे आरडाओरड होते, हमरीतुमरी होते, केलेल्या ठरावांना वरचे धूप घालत नाहीत, हेही खरं. काकीचा ओहळ पूर्ण वाचला असं मी म्हणणार नाही. अर्धा बुजलाय. पण उरलेल्या अर्ध्यावर माती टाकायला ट्रक आला तेव्हा त्या ठरावाची प्रत दाखवूनच तो परत पाठवला. प्रत होती, कारण नोंद होती. नोंद होती, कारण वही होती.

माझी मागणी फार नाही. नव्या शैक्षणिक धोरणामुळे (एनईपी) आता पदवीला इंटर्नशिप आली आहे. कॉलेजांनी मुलांना आपापल्या पंचायतीत पाठवावं. आधी दोन-तीन वर्षांची इतिवृत्तं वाचायची, कुठला ठराव झाला, त्याचं पुढे काय झालं याची यादी करायची, ती ग्रामसभेत वाचायची. क्रेडिट द्या त्याला. मोठमोठ्या धोरण संस्थांनी यावं, जरूर यावं, पण आधी चार सभा गप्प बसून ऐकाव्यात आणि मग शिबिर आखावं.

मुलगी पुढच्या सभेला येतेय, वर्गातल्या दोघी मैत्रिणींना घेऊन. मागच्या इतिवृत्ताची प्रत मागायचा अर्ज आम्ही रात्री जेवण झाल्यावर लिहिला, उद्या ती पंचायतीत देऊन पोच घेणार आहे. अर्जाचा नमुना कुणाला हवा असेल तर इनबॉक्स करा. मात्र 'काही बदलणार नाही गे' असली कमेंट टाकणाऱ्यांना आज सरळ ब्लॉक करणार आहे, नातेवाईक असले तरी.