लिव्हरमोरचा दिवा, कॉकर सिटीची सुतळी आणि ती सांभाळणारी माणसे

माझे बाबा वीज मंडळात तेहतीस वर्षे लाइनमन होते. खामगाव आणि आसपासच्या भागात, पावसाळ्यातल्या रात्री खांबावर चढून तुटलेल्या तारा जोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गेल्या हिवाळ्यात ते आणि आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे कॅलिफोर्नियात आले, तेव्हा इथले बहुतेक मराठी लोक आईवडिलांना जे दाखवतात ते सगळे आम्ही त्यांना दाखवले. गोल्डन गेटचा पूल झाला, योसेमिटीचे कडे झाले, लास व्हेगासची रोषणाई झाली. बाबांनी सगळे कौतुकाने पाहिले आणि प्रत्येक ठिकाणी वीसएक मिनिटांनी ‘चला, झालं पाहून’ असे म्हटले. ज्या एका जागेवरून ते दीड तास हलायला तयार नव्हते, ती जागा कोणत्याही सहल कंपनीच्या यादीत मी आजवर पाहिलेली नाही.

बे एरियातल्या मराठी माणसाला लिव्हरमोर हे गाव माहीत असते ते तिथल्या शिव-विष्णू मंदिरामुळे. आपण दर्शन घेतो, प्रसाद घेतो आणि परतीची वाट धरतो. त्या मंदिरापासून गाडीने थोड्याच अंतरावर, ईस्ट ॲव्हेन्यूवर, अग्निशमन दलाचे सहा क्रमांकाचे केंद्र आहे. तिथे आगीचे बंब उभे असतात, आणि त्यांच्या वर उंच छतापासून एका वायरीला लोंबकळणारा, कसलीही शेड नसलेला, झिरोच्या बल्बसारखा तांबूस उजेड देणारा एक दिवा आहे. तो १९०१ सालापासून जळतो आहे. त्या वर्षी लिव्हरमोरच्या वीज कंपनीच्या मालकाने कंपनी विकताना हा बल्ब गावाच्या अग्निशमन दलाला भेट दिला होता. रात्री-अपरात्री आगीची वर्दी आली तर जवानांना अंधारात चाचपडावे लागू नये म्हणून तो अखंड चालू ठेवण्याची पद्धत पडली, आणि पुढे दलाची जागा बदलली, घोड्यांच्या गाड्या जाऊन मोटारी आल्या, तरी ती पद्धत मोडली नाही. २०१५ च्या जून महिन्यात या दिव्याने दहा लाख तास पूर्ण केले.

आम्ही बेल वाजवली. एका तरुण जवानाने दार उघडले आणि आम्ही दिवा पाहायला आलो आहोत हे कळताच अगदी सहज आत घेतले. बाबा मान वर करून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी मला दुभाष्याचे काम लावले. होल्टेज किती ठेवता, मधे स्विच आहे का, लाइन गेली तर काय करता, वायर कधी बदलली, असे प्रश्न त्यांनी एकामागून एक विचारले, आणि त्या जवानाने जे ठाऊक होते ते न कंटाळता सांगितले. बाहेर आल्यावर बाबांनी मला बल्ब का जातो ते समजावले. आपल्या नेहमीच्या बल्बची टंगस्टनची तार गार असताना तिचा रोध फार कमी असतो, त्यामुळे बटन दाबताक्षणी तिच्यातून एकदम जास्त करंट धावतो आणि जुनी, झिजलेली तार नेमकी त्या क्षणी तुटते. म्हणून बल्ब जळता जळता जाण्यापेक्षा लावताना जास्त वेळा जातो. लिव्हरमोरच्या दिव्याची तार कार्बनची आहे, ती आजच्या तारेपेक्षा कितीतरी जाड आहे, आणि कार्बनचा स्वभाव टंगस्टनच्या उलट, म्हणजे गार असताना तो वाट अडवून धरतो. त्यात हा दिवा आता अवघ्या चार वॅटवर मंद जळतो, त्यामुळे तार फारशी तापत नाही आणि झिजत नाही. ‘आणि मुख्य म्हणजे यायनं तो कधी बंदच केला नाही,’ असे म्हणून बाबा गाडीत बसले.

हा दिवा ओहायो राज्यातल्या शेल्बी नावाच्या गावातल्या कंपनीने बनवलेला आहे, त्याची काच कारागिराने तोंडाने फुंकून घडवलेली आहे. त्याचे नाव निघाले की हल्ली लगेच एक दुसरी गोष्ट सांगितली जाते. १९२४ साली जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचे आयुष्य हजार तासांवर आणण्याचा करार केला, ही गोष्ट खरी आहे आणि ती चीड आणणारीच आहे. पण लिव्हरमोरच्या दिव्याला केवळ त्या कटाविरुद्धचा पुरावा म्हणून वापरणे मला अपुरे वाटते. चार वॅटच्या उजेडात कोणाचा अभ्यास होणार नाही, कोणाचा स्वयंपाक होणार नाही. हा दिवा इतकी वर्षे टिकला त्यात शेल्बीच्या कारागिरीचा वाटा आहेच, परंतु तितकाच वाटा तो टिकावा म्हणून शंभर वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवणाऱ्या माणसांचा आहे, आणि मला बोलायचे आहे ते त्या माणसांविषयी.

१९७६ साली अग्निशमन दल सध्याच्या इमारतीत आले तेव्हा दिवा हलवण्याचा प्रश्न उभा राहिला. होल्डरमधून फिरवून काढताना काच तडकेल या भीतीने कोणी त्याला हात लावला नाही. वरची वायरच कापली, दिवा होल्डरसकट उतरवला आणि बंबांच्या ताफ्यासह नव्या जागी नेला. त्या सगळ्या खटाटोपात तो फक्त २२ मिनिटे विजेविना राहिला. २०१३ च्या मे महिन्यात एका रात्री तो विझलेला दिसला. दिव्यावर चोवीस तास एक कॅमेरा रोखलेला असतो आणि त्याचे चित्र इंटरनेटवर कोणालाही पाहता येते, त्यामुळे दूरदूरच्या लोकांना तो गेल्याचे समजले आणि ते हळहळले. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली तेव्हा बिघाड दिव्यात नव्हता, वीज गेल्यास उपयोगी पडावे म्हणून बसवलेले उपकरणच निकामी झाले होते. थेट जोडणी देताच दिवा पुन्हा लागला. पावणेदहा तासांचा तो खंड आजही तिथले लोक घरातल्या आजारपणासारखा सांगतात.

याच ईस्ट ॲव्हेन्यूवर पुढे लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथे १९२ लेसर किरणांनी हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचे संमीलन घडवून, लेसरने आत घातलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा मिळवण्यात आली. असे जगात प्रथमच घडले. एका गावाने एकाच रस्त्यावर या दोन्ही गोष्टी सांभाळाव्यात याचा मला मनापासून आदर वाटतो.

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात अमेरिकेतल्या अशा गोष्टी ‘जरा हटके’ सदरातल्या चार ओळींत येतात. अमुक गावात जगातला सर्वांत मोठा सुतळीचा गोळा, तमुक गावात व्हेलचा स्फोट, असे वाचून आपण हसतो आणि पुढे सरकतो. मीही अनेक वर्षे तेच करत होते. माझी तक्रार अशी आहे की त्या चार ओळींत विचित्रपणा तेवढा पोहोचतो, आणि त्याच्या मागे असलेली निगराणी, चिकाटी व शेजारधर्म पूर्णपणे गळून जातो.

सुतळीच्या गोळ्याचेच पाहा. काही वर्षांपूर्वी कॅन्सस सिटीहून डेन्व्हरकडे जाताना आम्ही मोठा महामार्ग सोडून उत्तरेला कॉकर सिटीत गेलो होतो. नावात सिटी असली तरी वस्ती जेमतेम काही शे माणसांची आहे. फ्रँक स्टोबर नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने १९५३ साली गोठ्यात इकडेतिकडे पडलेले सुतळीचे तुकडे गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. वाळलेल्या गवताच्या गाठी बांधायला वापरतात ती ही सुतळी, आपल्याकडच्या घायपाताच्या जातीच्याच झाडाच्या वाखाची. गोळा वाढत गेला, १९६१ साली त्याने तो गावाला देऊन टाकला, आणि १९७४ साली तो वारला तेव्हा गोळ्याचा व्यास ११ फूट झाला होता. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण गावाने सुतळी गुंडाळणे थांबवले नाही. दर ऑगस्टमध्ये गावकरी आणि बाहेरून आलेले लोक जमतात आणि त्यावर नवी सुतळी चढवतात. आज तिची लांबी ८० लाख फुटांच्या पुढे गेली आहे आणि वजन नऊ टनांच्या वर आहे. मुख्य रस्त्याच्या कडेला, चारही बाजूंनी उघड्या अशा छपराखाली तो गोळा ठेवलेला आहे. आम्हालाही सुतळीचा एक लांब तुकडा मिळाला. माझ्या आठ वर्षांच्या मुलाने गोळ्याभोवती पळत पळत तो गुंडाळला, आणि आपण बांधलेली सुतळी आता आत गेली, पुढच्या वर्षी तिच्यावर दुसऱ्या कोणाची तरी येईल, ही गोष्ट त्याला जी समजली ती मी शब्दांनी समजावू शकले नसते.

मिनेसोटात डार्विन नावाच्या गावीही असा गोळा आहे, आणि तो एकाच माणसाचा आहे. फ्रान्सिस जॉन्सनने १९५० पासून २९ वर्षे, रोज चार चार तास बसून तो गुंडाळला. सर्वांत मोठा कोणाचा हा वाद दोन्ही गावांचे लोक हौसेने घालतात. मला विचाराल तर एकट्याच्या हट्टापेक्षा गावाने मिळून वाढवलेला गोळा मोठा.

व्हेलची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे सांभाळलेली वस्तू नाही, फजिती आहे. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये ओरेगॉन राज्यातल्या फ्लॉरेन्स गावाच्या किनाऱ्यावर ४५ फुटी मेलेला व्हेल वाहून आला. त्याचे करायचे काय हे कोणालाच माहीत नव्हते, तेव्हा महामार्ग विभागाने अर्धा टन डायनामाइट लावून तो उडवून द्यायचे ठरवले. तुकडे होतील आणि उरलेले काम समुद्रपक्षी करतील असा हिशेब होता. प्रत्यक्षात मांसाचे प्रचंड गोळे बघ्यांच्या दिशेने कोसळले, पाव मैलावर उभी असलेली एक मोटार चेपली गेली आणि व्हेलचा मोठा भाग जागच्या जागीच राहिला. दूरदर्शनच्या वार्ताहराने केलेले त्याचे चित्रण आजही जगभर पाहिले जाते. असा प्रसंग एखाद्या गावाने विसरायचा प्रयत्न केला असता तर कोणी नावे ठेवली नसती. फ्लॉरेन्सने २०२० साली एका नव्या उद्यानाचे नाव ठरवण्यासाठी लोकांचे मत मागवले, आणि लोकांनी ‘एक्सप्लोडिंग व्हेल मेमोरियल पार्क’ हे नाव निवडले. आपली चूक पुढच्या पिढीला नावासह सांगायची, ही मोकळीक मला फार मोलाची वाटते. आपल्या किती गावांत, किती घरांत ती आहे, हा विचार मी त्यानंतर अनेकदा केला आहे.

माझे काही स्नेही म्हणतात की यात पाहण्यासारखे काय आहे, रिकामटेकड्या लोकांचे उद्योग आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही. २ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियातल्या पंक्सुटॉनी गावात उंच काळ्या टोप्या घातलेली मंडळी पहाटेच्या थंडीत एका घुशीसारख्या प्राण्याला बिळातून बाहेर काढतात आणि त्याची सावली पडली की नाही यावरून हिवाळा अजून सहा आठवडे राहणार का ते जाहीर करतात; १८८७ पासून हे चालू आहे. आमच्याकडे तो कार्यक्रम दूरदर्शनवर लागला तेव्हा बाबा म्हणाले, ‘हे तं आपल्या भेंडवळसारखंच झालं.’ ते बरोबर होते. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पावसाचे व पिकांचे भाकीत सांगतात. ते ऐकायला जमणाऱ्या शेतकऱ्यांना कोणी रिकामटेकडे म्हटले तर मला राग येईल. पेरणीपूर्वी सगळ्यांनी एका ठिकाणी उभे राहून येणाऱ्या वर्षाविषयी बोलणे, ही भाकिताइतकीच खरी गरज आहे. पेनसिल्व्हेनियात ही चाल नेणारे जर्मन वंशाचे लोकही शेतकरीच होते.

म्हणून इथे राहणाऱ्या माझ्या मराठी बांधवांना मनापासून सांगावेसे वाटते की आईवडील येतील तेव्हा नायगारा जरूर दाखवा, पण त्यांच्या कामाशी, त्यांच्या गावाशी कुठेतरी जुळेल असे एखादे लहानसे, कोणी मुद्दाम सांगत नाही असे ठिकाणही शोधा. शिक्षिका असलेल्या आईला एखादी जुनी एकखोली शाळा दाखवा, शेतकरी वडिलांना ती सुतळी दाखवा. तिथे तिकीट नसते किंवा अगदी किरकोळ असते, रांग नसते, आणि माहिती सांगणारा माणूस बहुधा गावातला कोणी निवृत्त स्वयंसेवक असतो, ज्याला आपल्या वडिलांच्याच वयाचा श्रोता मिळाल्याचा आनंद होतो. अशा जागांना आपल्या पैशांपेक्षा आपल्या येण्याची गरज जास्त आहे.

बाबा एप्रिलमध्ये परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी माझ्या मुलाकडून त्यांच्या मोबाइलवर लिव्हरमोरच्या दिव्याच्या कॅमेऱ्याचे पान लावून घेतले होते. खामगावात सकाळचा चहा होतो तेव्हा इथे आदली संध्याकाळ असते. बोलताना आईची चौकशी, पावसाची चौकशी झाली की ते म्हणतात, ‘पाह्यलं म्या आत्ताच, चालू हाय.’