श्रीमती ऋतुपर्णा, टोकन ६४

शुक्रवारी, गोव्यातल्या म्हापशाच्या बाजाराच्या दिवशी, बँकेत जाऊ नये. मी गेलो, कारण नव्या पासबुकावर 'श्रीमती ऋतुपर्णा' छापून आलं होतं. काउंटरवरच्या मुलीने एकदा माझ्या मिशीकडे पाहिलं, एकदा स्क्रीनकडे. "सिस्टीममध्ये मॅडमच आहे. टोकन घ्या."

टोकन ६४. चालू होतं ३१.

शेजारच्या काकांनी पायांशी तांबड्या भाजीची पिशवी ठेवली होती आणि कान माझ्याकडे.

"नाव कितें म्हणालास?"

"ऋतुपर्ण."

"अपर्णेचो भाव?" (भाव म्हणजे भाऊ.)

अपर्णा म्हणजे पार्वती, तप करताना झाडाचं पानसुद्धा खाल्लं नाही म्हणून अपर्णा, हे मी सांगायला नको होतं. काकांचा चेहरा उजळला.

"म्हणजे ती पान खायना आणि तू ऋतूप्रमाणे खातोस! पावसात तायकिळो, मग अळू, मग ही तांबडी भाजी. बरें नाव रे! पोट साफ राहतं." समोरच्या दोन बायका वळून माझ्या पोटाकडे बघायला लागल्या.

मग मला इरेला पेटणं भागच होतं. म्हटलं, काका, ऋतुपर्ण हा अयोध्येचा राजा. वनपर्वात आहे. नळ बाहुक होऊन त्याच्याकडे सारथी राहिला होता. (बाबांनी देवळातल्या कीर्तनात ही कथा ऐकली आणि मला चिकटवली. नायकाचं नाव का नाही ठेवलं, असं मी एकदा विचारलं होतं. "नळ ठेवलं असतं तर उन्हाळ्यात कोरडा म्हणाले असते," हे त्यांचं उत्तर.) दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवरासाठी एका दिवसात विदर्भात पोचायचं होतं. वाटेत राजाने बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानं-फळं किती ते सांगितलं. नळाने रथ थांबवला, झाड पाडलं आणि फळं मोजत बसला. राजा घाईत, नोकर मोजतोय. माझ्या नावात हा योग तेव्हापासूनच असावा. हिशेब जुळला. मग राजाने फाशांची विद्या नळाला दिली आणि नळाने घोड्यांची विद्या त्याला द्यायची ठरली.

"फासे?" काका पुढे सरकले. "मग हांगा कित्याक बसला? मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या आहेत न्हय?"

बायका हसल्या. मीही हसलो, पण खरं सांगतो, लागलं. शाळेत ऋतू, कॉलेजात पर्णा, कुरिअरवाल्याला 'मॅडमना बोलवा'. बंगालीत हे नाव बाईचंही असतं आणि पुरुषाचंही. तिकडे ऋतुपर्णो घोष सिनेमे काढून गेले, त्यांना कुणी टोकन दिलं असेल का?

६४ लागला. मुलीने दुरुस्तीचा फॉर्म दिला. 'नावात बदलाचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, पुरुष असणे.

"हे यादीत नाही," ती म्हणाली. "लग्न, घटस्फोट किंवा इतर. लग्न टाकू? लवकर होतं."

मागून काका ओरडले, "टाक रे, टाक! आमंत्रण दी मात!"

मी 'इतर'वर खूण केली. कामाला पंधरा दिवस लागतील म्हणे.