अपेंडिक्सवर ताक आणि एरंडेल: त्या मेसेजमधला एकेक दावा

खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडे चंदगडपर्यंत एक मेसेज फिरतोय. पालकांच्या ग्रुपवर आला, भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, माझ्या भाचीलाही आला. मजकूर थोडक्यात असा: 'अपेंडिक्स म्हणजे आतड्यात वाईट जिवाणू वाढणं, हे परदेशात सिद्ध झालंय. अपेंडिक्स हे चांगल्या जिवाणूंचं कोठार आहे, ते कापलं की मूल जन्मभर अशक्त. परदेशात आता ऑपरेशन करतच नाहीत. पेरूच्या बिया बंद करा, तीन दिवस रात्री एरंडेल आणि सकाळी ताक द्या, पोट साफ झालं की अपेंडिक्स बरं. पुष्कळ पोरं बरी झालीत.'

लहान मुलांच्या सर्जरी वॉर्डात नर्स म्हणून मी बरीच वर्षं काढली आहेत. या मेसेजमध्ये चार खऱ्या गोष्टी घातल्यात, त्यामुळे शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात. म्हणून एकेक दावा घेऊन लिहिते.

जिवाणूंचा दावा आधी, कारण त्यात तथ्य आहे. बर्लिनच्या संशोधकांना काढलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत फ्युसोबॅक्टेरियम जातीचे जिवाणू आतवर घुसलेले दिसले. तो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. हे जिवाणू एरवी आपल्या तोंडात, हिरड्यांच्या कडेला राहतात. पुढे लहान मुलांवर झालेल्या अभ्यासांतही सुजलेल्या अपेंडिक्समध्ये हे आणि तोंडातलेच आणखी काही जिवाणू जास्त सापडले, आणि आतड्यात नेहमी भरपूर असणारे बॅक्टेरॉइड्स कमी. इथवर सगळं बरोबर. पण जिवाणू वाढले म्हणून सूज आली, की सूज आल्यावर त्यांना रान मोकळं मिळालं, हे यावरून ठरत नाही. तपासलेलं अपेंडिक्स हे काढल्यानंतरचं असतं. दुखायला लागण्याआधी त्याच मुलाच्या पोटात काय चाललं होतं, ते कुणी पाहिलेलं नसतं. मेसेज लिहिणाऱ्याने हा प्रश्नच गाळला आणि थेट उपाय सांगून टाकला.

आता त्या उपायाचंच बघू. अपेंडिक्स ही मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी, एका बाजूने बंद असलेली, करंगळीहून बारीक नळी. तिच्या तोंडाशी कधी सुकलेल्या मळाचा खडा अडकतो, कधी तिच्या भिंतीतल्याच गाठी सुजून तोंड बंद होतं. वाढत्या वयात या गाठी जास्त असतात, आणि हा आजार दहा ते वीस या वयात सर्वांत जास्त दिसतो. तोंड बंद झालं की आत चिकट पाणी साचतं, ताण वाढतो, भिंतीला रक्त मिळेनासं होतं, जिवाणू भिंतीत शिरतात, भिंत सडते आणि फुटते. तोंड बंद झालेल्या त्या नळीत ताक जाणार कुठून? ताकातले जिवाणू दूध विरजवणारे. सडत चाललेल्या भिंतीतून ते दुसऱ्या जिवाणूंना हुसकून लावतात, असं दाखवणारा पुरावा नाही. एरवी मुलांना ताक जरूर द्या. या दुखण्यावर औषध म्हणून नको.

कोठाराची गोष्टही हवेतली नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी 2007 साली असं मांडलं की मोठ्या जुलाबानंतर आतडं धुतलं गेलं की अपेंडिक्समध्ये टिकलेले जिवाणू परत आतड्यात पसरत असावेत. ही कल्पना निरोगी अपेंडिक्सबद्दल आहे. पू भरलेलं अपेंडिक्स पोटात ठेवून कसलं कोठार सांभाळायचं? लहानपणी ते काढलेली माणसं आपल्या आजूबाजूला शेतात राबतात, बाळंतपणं निभावतात. जन्मभराचा अशक्तपणा मला तरी कुणात दिसला नाही.

सगळ्यात घातक आहे ते एरंडेल. जांबोटीच्या पलीकडच्या गावातला आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा आमच्याकडे आला होता. बेंबीभोवती दुखायला लागलं, मग उलटी झाली. बेंबी सरकली म्हणून घरी पोट चोळलं, रात्री एरंडेल पाजलं. पहाटे दुखणं एकदम थांबलं आणि सगळ्यांना वाटलं, गुण आला. दुपारी ताप चढला. संध्याकाळी आणला तेव्हा गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलेला, पोट फळीसारखं कडक, नुसती चादर सारखी केली तरी कळवळायचा. आजी पुन्हा पुन्हा सांगत होती, "सिस्टर, सकाळी बरा होता ओ." अपेंडिक्स फुटलं की आतला ताण उतरतो, म्हणून थोडा वेळ आराम वाटतो. त्याच वेळात पू पोटात पसरत असतो. एरंडेलाने आतडं जोरजोरात आवळतं. सुजून तट्ट झालेल्या नळीला हा ताण सोसवत नाही. पोटात दुखत असताना जुलाबाचं औषध देऊ नये हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. त्या मुलाचं पोट धुवावं लागलं, पू वाहून जायला पोटात रबरी नळी ठेवावी लागली, शाळा बुडाली. वाचला. आजीला मी दोष देणार नाही, तिने जे पाहिलं होतं ते केलं. पण हातात मोबाइल घेऊन हा मेसेज शेकडो घरांत पाठवणाऱ्यांचा मला राग येतो.

पेरूच्या बियांचं लवकर आटोपते. तुर्कस्तानात काढलेली 1,969 अपेंडिक्स तपासली, तर बिया किंवा न पचलेला पालापाचोळा जेमतेम 8 जणांत निघाला. पेरू खाऊ द्या.

परदेशात ऑपरेशन करत नाहीत, हे अर्धंच सांगितलंय. काही मुलांना तिथे आधी अँटिबायोटिक देऊन पाहतात, हे खरं. 2025 साली पाच देशांतल्या 936 मुलांचा अभ्यास आला. मुलं 5 ते 16 वर्षांची, अपेंडिक्स फुटलेलं नसलेली. वर्षभरात अँटिबायोटिकच्या गटात 34 टक्के मुलांत उपचार फसला, ऑपरेशनच्या गटात 7 टक्के. म्हणजे जवळपास तीनातल्या दोघांचं वर्षभर तरी निभावलं, ही मोठीच गोष्ट आहे. पण हे सगळं दवाखान्यात, तपासण्या करून, सर्जन हाताशी असताना. मेडिकलमधून चार गोळ्या आणून घरी बसणं म्हणजे तो उपचार नव्हे. त्याने दुखणं दबतं आणि निदानाला उशीर होतो.

राहिली 'बरी झालेली पोरं'. ती खरंच बरी झाली असतील. मुलांचं पोट बद्धकोष्ठाने दुखतं, जंतांनी दुखतं, सर्दी-तापानंतर पोटातल्या गाठी सुजूनही दुखतं, तेही कधी कधी उजवीकडेच. यातलं पुष्कळसं दोन-तीन दिवसांत आपोआप निवळतं आणि श्रेय ताकाला जातं. ज्यांचं अपेंडिक्सच होतं, त्यांची हकीकत मेसेजमध्ये येत नाही.

ओळखायचं कसं, हे तरी मेसेजमध्ये असायला हवं होतं. दुखणं बहुतेकदा बेंबीपाशी सुरू होतं आणि काही तासांत उजवीकडे खाली सरकतं. आधी दुखतं, मग उलटी होते. भूक मरते, अंग थोडं तापतं, मूल वाकून चालतं, उडी मार म्हटलं तर मारत नाही. इंग्लंडमध्ये मोठ्या माणसांना विचारून पाहिलं होतं: अपेंडिक्स ठरलेल्या 34 जणांपैकी 33 जणांना गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की जास्त दुखायचं. खानापूर-जांबोटी रस्त्यावर ट्रॅक्समध्ये पोर प्रत्येक खड्ड्याला पोट धरत असेल, तर ड्रायव्हरला सरळ दवाखान्याकडे घ्यायला सांगा. पाच वर्षांखालच्या मुलांत मात्र ही लक्षणं अशी ओळीने येत नाहीत. नुसते जुलाब, किरकिर आणि ताप असतो, आणि फुटण्याचं प्रमाण त्यांच्यातच जास्त. म्हणून त्यांच्या बाबतीत वाट बघू नका.

कणकुंबी, लोंढ्याकडून निघायचं तर पावसात वेळ लागतो, तो हिशेब धरून 108 ला लवकर फोन करा. वाटेत खायला देऊ नका. दुखणं किती वाजता सुरू झालं आणि घरी काय काय पाजलं ते न लपवता सांगा, एरंडेल दिलं असेल तर तेही. कन्नड येत नाही म्हणून बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात जायला कचरणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. 'होट्टे नोवु, बलगडे' एवढं म्हणून उजवीकडे बोट दाखवलं तरी समोरच्याला कळतं, आणि वॉर्डात मराठी बोलणारं कुणी ना कुणी असतंच. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर घ्या, सरकारी योजनेच्या कागदांना ती लागतात.