आयएनजीची शेपटी

लेक सहावीत गेली आणि आमच्या घरात जेरंड शिरला. रविवारी सकाळी वही पुढ्यात आली. “बाबा, आयएनजीवाले शब्द ओळखायचे. जेरंड की पार्टिसिपल?”

आमचं इंग्रजी पाचवीपासूनचं. गुरुजींनी एकच गुरुकिल्ली दिली होती, आयएनजी दिसलं की ‘करत आहे’. तेवढ्यावर वीस वर्षं नोकरी रेटली.

पहिलं वाक्य, ‘स्विमिंग इज फन’. मी ठोकून दिलं, “मजा पोहत आहे.”

“पोहणं मजेचं असतं, बाबा. इथे ते नाम आहे. जेरंड.”

‘स्लीपिंग चाइल्ड’ला मात्र मी सावध होतो. झोपलेलं मूल, म्हणजे विशेषण, म्हणजे पार्टिसिपल. लेकीने मान डोलावली. त्या भरात पुढच्या ‘स्लीपिंग पिल्स’ना मी ‘झोपलेल्या गोळ्या’ करून टाकलं.

“गोळ्या कशा झोपतील? झोपण्यासाठीच्या गोळ्या! पुन्हा जेरंड.”

आपल्याकडे कसं, पोहणं वेगळं, पोहत वेगळं, पोहताना वेगळं आणि पोहणारा तर वेगळाच. ज्याची त्याची शेपटी ज्याला त्याला. इंग्रजांनी एकाच शेपटीवर सगळा संसार मांडलाय. बरं, पूर्वी त्यांच्याकडेही दोन होत्या. जुन्या इंग्रजीत नामाला ‘उंग’ नाहीतर ‘इंग’ लागे आणि विशेषणाला ‘एंडे’. पुढे झिजत झिजत दोन्हींचं ‘इंग’ झालं. हे मी लेकीला मोठ्या ऐटीत सांगितलं. “मग आता यात काय लिहू?” तिने वही पुढे सरकवली.

‘व्हिजिटिंग रिलेटिव्ह्ज कॅन बी बोअरिंग.’

इथे मी घामाघूम. जेरंड धरला तर नातेवाइकांकडे जाणं कंटाळवाणं. पार्टिसिपल धरला तर आलेले नातेवाईक कंटाळवाणे. दोन्ही बरोबर. आणि बाहेरच्या खोलीत आमची आत्या. चार दिवसांसाठी आलेली, आज नववा दिवस.

“म्हणजे घरी आलेले नातेवाईक बोअरिंग?” लेकीने खणखणीत आवाजात विचारलं.

मी तिच्या तोंडावर हात ठेवेपर्यंत आत्या लसूण सोलायची सोडून दारात उभी.

“बोअरिंग? अरे, बोअरिंग घेतलं आणि मला सांगितलंही नाहीस? पाणी किती फुटांवर लागलं?”

लेकीने पेन्सिल उचलली. “बाबा, हे नाम ना?”